धुऱ्यापलीकडचा धूर

मामाजींच्या ट्रंकेत, मनिऑर्डरच्या जुन्या फॉर्मांखाली
एक वही निघाली पाठकोऱ्या कागदांची.
मला वाटलं रांगोळीचे नमुने.
पण सासरा कशाला रांगोळी काढेल?

उकंडराव ढोमणे, पोस्टमास्तर,
रेच्याच्या गावचे. पगार बत्तीस रुपये,
आणि एकेचाळीस साली वरून तोंडी हुकूम:
जपानी कापूसवाल्याची पत्रं आधी उघडायची.

कुवाबारा त्याचं नाव. गाव म्हणे कुबेरा.
रुईचा पुंजका दोन अंगठ्यांत धरून
हळू ओढायचा, कोटाच्या काळ्या बाहीवर ठेवायचा
अन् दलालाच्या आधी धाग्याची लांबी सांगायचा.
मराठी म्हणाल तर "पऱ्हाटी चांगली" एवढंच,
आणि पोरांनी शिकवलेलं "काहून?"
ते तो सगळ्यालाच लावायचा.

पत्रं यायची मंचुरियातून, धाकट्या भावाची.
चहाच्या गंजावर लिफाफा धरायचा, डिंक सुटेपर्यंत.
वाचता कोणाला येतंय? जमादारालाही नाही.
मग मामाजी रेघ न् रेघ उतरवून घेत
कंदिलाशी, शेंडा-बुडखा न कळता,
पहाटे पत्र पुन्हा चिकटवत
आणि राम राम करून देत कुबेराच्या हातात.

एक नक्कल नागपूरला जायची.
ही दुसरी काहून ठेवली, ते सांगून नाही गेले.

नातीची मैत्रीण पुण्यात जपानी शिकते.
फोनवर वाचलं तिनं, अडखळत.
आजी, अर्धी अक्षरं चुकलीत, म्हणाली.
जुळली ती अशी:

दादा, माती इथली काळी, तू लिहितोस तशीच,
पाय धरून ठेवणारी. ज्वारी डोक्याच्या वर.
सोयाबीन म्हणशील तेवढं.
घर तयारच मिळालं.
आलो तेव्हा चूल कोमट होती.
कोणाची, ते विचारायचं नाही असं सांगितलंय.
महिन्यातून एकदा साहेब येतो.
पिकाचं विचारत नाही. म्हणतो,
धुऱ्यापलीकडच्या चिनी वस्तीवर नजर ठेव,
अवेळी कोणाकडे धूर निघतो ते लिही.
डोंगरातली माणसं रात्रीच जेवायला उतरतात.
घरं अकरा. मंगळवारी मध्यरात्री तीन चुली.
मी लिहून दिलं.
आज थंडी फार. सकाळी आभाळ स्वच्छ होतं,
इतकं स्वच्छ, दादा, की

पुढं शाई पसरलीय, आजी.

डिसेंबरात पोलिसांची गाडी आली.
कुबेरानं खोलीला कुलूप घातलं
आणि किल्ली मामाजींच्या हातात दिली.
गावात त्याचा भरवसा एकट्या पोस्टावर.
"काहून?" त्यानं जमादाराला विचारलं.
पोरं जमली होती. कोणी हसलं नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा मामाजी रिटायर होते.
स्वतःच्या नावाचं पत्रही स्वतः फोडत नसत.
"सूनबाई, तूच फोड."
मला वाटायचं, नजर गेली असेल.

आमच्या वावरात आता सोयाबीन.
धुऱ्यापलीकडं पारध्यांचा बेडा, आठ झोपड्या.
बीटचा शिपाई येतो, मोटरसायकल बांधावर लावतो,
आजी, बेड्यावर नवं कोणी दिसलं का?
मागच्या साली मी बोट दाखवून सांगितलं होतं:
दोन गडी, एक बाई, परवापासून.
चहाही पाजला होता त्याला.
त्यानंतर सात झोपड्या.
मी मोजलं नव्हतं. आता मोजलं.

काल तो पुन्हा आला.
"काहून?" मी म्हटलं.
त्याला वाटलं, ऐकू आलं नाही मला.
त्यानं मोठ्यानं विचारलं पुन्हा.
पलीकडं कोणीतरी ओल्या लाकडांची चूल
फुंकत होतं, पेटत नव्हती.